डोंगरावरचे घर आणि पाण्याचा ‘फोर्स’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाणी नाही ही तक्रार आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. आज मी बोलणार आहे ते जरा वेगळ्या तक्रारीबद्दल. पाणी आहे, टाकीही भरलेली आहे, पण ‘फोर्स’ टिकत नाही. सकाळी शॉवर छान चालतो, संध्याकाळी त्याची धार भिंतीला चिकटून खाली येते. कोणी स्वयंपाकघरात भांडी विसळायला घेतली, की न्हाणीघरातल्या माणसाच्या डोक्यावरचे पाणी आटते. डोंगरउतारावर किंवा माथ्यावर घर बांधणाऱ्यांकडून ही तक्रार फार ऐकू येते. कोकणातल्या सड्यावरची घरे, पाचगणी-महाबळेश्वरकडची घरे, पुण्याच्या आसपास टेकड्यांवर चढत गेलेल्या वसाहती, सगळीकडे हेच. आणि त्यावर मिळणारा सल्लाही सगळीकडे एकच असतो: ‘प्रेशर पंप बसवून टाका.’

पंपाला माझा विरोध नाही. पण ‘फोर्स कमी आहे’ आणि ‘फोर्स कमी-जास्त होतो’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यावर पंप हा उपाय असू शकतो. दुसऱ्याचे कारण बहुतेक वेळा नळीत, टाकीच्या पातळीत किंवा कुठेतरी अडकलेल्या हवेत असते. ते न शोधता पंप बसवला, तर पैसे जातात, विजेचे बिल वाढते आणि वीज गेली की आंघोळ पुन्हा बादलीवर येते.

आधी एक साधी गोष्ट पक्की करू. घरातल्या पाण्याचा दाब म्हणजे उंची. टाकीतल्या पाण्याची पातळी तोटीपेक्षा जितकी वर, तितका दाब. साधारण ३३ फूट, म्हणजे १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब मिळतो. टाकी पाचशे लिटरची आहे की पाच हजार लिटरची, याचा दाबाशी काही संबंध नाही. हे अनेकांना पटत नाही. मोठी टाकी घेतली की जोर वाढेल, अशा समजुतीने लोक खर्च करतात. मोठ्या टाकीने पाणी जास्त वेळ पुरेल, एवढेच. मुंबईत मलबार हिलवर, हँगिंग गार्डनच्या खाली जो जलाशय आहे, तो टेकडीवर बांधला तो याच कारणासाठी. उंचीवर साठवलेले पाणी खालच्या वस्तीत आपल्या वजनाने उतरते.

आता हा उंचीचा हिशेब एका नेहमीच्या बैठ्या घराला लावून पाहू. स्लॅब जमिनीपासून १० फुटांवर. त्यावर अर्ध्या फुटाच्या ओट्यावर ४ फूट उंचीची टाकी. शॉवर ७ फुटांवर. टाकी काठोकाठ भरली, की पाण्याची पातळी साडेचौदा फूट, म्हणजे शॉवरच्या वर साडेसात फूट. टाकी तळाला आली, की शॉवरच्या वर उरतात जेमतेम साडेतीन फूट. अर्ध्याहून जास्त दाब गेला! कोणती नळी तुंबली नाही, काही बिघडले नाही, तरी सकाळची आंघोळ आणि संध्याकाळची आंघोळ यांत एवढा फरक पडणारच. हीच टाकी ५ फूट उचलली, तर भरलेली असताना साडेबारा आणि रिकामी होताना साडेआठ फूट मिळतात. आता घट सुमारे एक तृतीयांश. टाकी उचलल्याने नुसता दाब वाढत नाही, तर त्यातला चढउतारही कमी जाणवतो. हा दुसरा फायदा फारसा कोणी सांगत नाही.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका घराचे उदाहरण सांगतो. आमच्या नात्यातलेच घर आहे. डोंगराच्या माथ्यावर जांभ्या चिऱ्याचे जुने घर, त्याला मागे जोडून बांधलेले नवे स्वयंपाकघर. विहीर पायथ्याशी, तिथला पंप उभ्या चढणीने ९० फूट वर पाणी चढवतो. घरात म्हाताऱ्या सासूबाई. न्हाणीत गॅसचा गिझर बसवलेला, त्याला पाण्याचा ठराविक जोर लागतो. स्वयंपाकघरातली तोटी उघडली, की गिझरची ज्योत विझायची आणि ऐन थंडीत सासूबाईंच्या अंगावर गार पाणी यायचे. त्या वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भावोजी, सकाळी आईंची आंघोळ होईपर्यंत मी घरात कोणाला तोटीला हात लावू देत नाही. चहाची भांडीसुद्धा तशीच पडून असतात.’’ प्लंबरने प्रेशर पंपाचे अंदाजपत्रक देऊन ठेवले होते.

मी त्यांना गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी मागवायला सांगितली. पाया आखताना दोन टोकांना पाण्याची पातळी जुळवून बघतात, तीच. श्रोतेहो, दाब मोजायला याहून स्वस्त साधन नाही. न्हाणीतल्या तोटीला नळीचे एक टोक घट्ट बांधायचे. दुसरे टोक खिडकीतून बाहेर काढून भिंतीवरून सरळ वर, गच्चीच्या कठड्यापर्यंत न्यायचे. ते टोक उघडेच ठेवायचे. घरातल्या बाकी सगळ्या तोट्या बंद करून ही तोटी उघडली, की नळीत पाणी चढते आणि एका जागी थांबते. ती जागा टाकीतल्या पाण्याच्या पातळीला बरोबर जुळते. तिथे खडूने खूण करायची. मग कोणाला तरी सांगायचे, ‘आता स्वयंपाकघरातली तोटी पूर्ण सोडा.’

त्या दिवशी टाकी अर्धी होती. पहिली खूण साडेबारा फुटांवर आली. वहिनींनी स्वयंपाकघरातली तोटी सोडली आणि नळीतले पाणी सरसर उतरून सुमारे ६ फुटांवर येऊन थांबले. शॉवर ७ फुटांवर! म्हणजे एक तोटी उघडी असताना पाणी शॉवरपर्यंत पोहोचणेच शक्य नव्हते. तोटी बंद केली, पाणी पुन्हा साडेबारावर. वहिनींनी हा खेळ स्वतः दोन-तीनदा करून पाहिला, आणि मग पंपाचे अंदाजपत्रक त्यांनी आपण होऊनच बाजूला ठेवले. जवळजवळ साडेसहा फूट उंची मधल्या मध्ये कोण खात होते, एवढेच आता शोधायचे होते.

खात होती नळी. टाकीतून निघताना एक इंची असलेली नळी कठड्यापाशी अर्धा इंची झाली होती. त्या एकाच अर्ध्या इंची नळीतून सुमारे ३३ फूट पुढे येऊन न्हाणी आणि स्वयंपाकघर यांचे फाटे फुटत होते. नवे स्वयंपाकघर बांधताना जुन्या नळीलाच टी लावून जोडणी केलेली. अशी जोडणी असंख्य घरांत असते.

पाणी नळीतून वाहते तेव्हा आतल्या भिंतीशी त्याचे घर्षण होते आणि त्यात उंची खर्च होते. पाणी उभे असताना हा खर्च शून्य असतो, म्हणून बंद तोटीचा दाब नेहमी चांगलाच दिसतो. प्रवाह दुप्पट केला, की खर्च साडेतीन-चारपट होतो. आणि नळी बारीक केली, की तो भयंकर वाढतो. सीपीव्हीसीची अर्धा इंची नळी आतून जेमतेम साडेबारा मिलिमीटर असते. तिच्यातून मिनिटाला १० लिटर पाणी नेले, तर ३३ फूट लांबीत साडेसहा फुटांच्या आसपास उंची खर्च होते. तेवढेच पाणी एक इंची नळीतून नेले, तर खर्च होतो सुमारे ४ इंच. पुन्हा सांगतो: एकीकडे साडेसहा फूट, दुसरीकडे ४ इंच. शहरातल्या उंच इमारतीत वर पन्नास-साठ फूट उंची शिल्लक असते, तिथे हे साडेसहा फूट खपून जातात. बैठ्या घरात सगळी मिळून शिल्लकच सात फुटांची. तिथे बारीक नळी म्हणजे दिवाळे.

उपाय त्या घरी दोन दिवसांत झाला. टाकीला दुसरे भोक पाडून स्वयंपाकघराची नळी स्वतंत्र काढली. न्हाणीपर्यंतची नळी एक इंची केली, फक्त शेवटच्या हातभर अंतरात अर्धा इंची. वाटेत एक जुना गेट व्हॉल्व्ह होता, त्याची चाकी फिरत होती पण आतली झडप गंजून अर्ध्यात अडकली होती. तो काढून पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह घातला. टाकी उचलण्याचे काम मात्र घाईने केले नाही. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ते स्लॅबच्या मधोमध नको, तुळया आणि भिंती जिथे मिळतात तिथे हवे. जाणकार इंजिनिअरला दाखवून, मग चिऱ्याचे खांब बांधून ती वर घेतली. माथ्यावरचे वारे लक्षात घेऊन बांधूनही घेतली, कारण जूनच्या आरंभी रिकामी टाकी उडून जाणे ही कोकणात नवलाची गोष्ट नाही. नंतर पुन्हा नळी लावून पाहिली. स्वयंपाकघरातली तोटी सोडली, तरी खडूच्या खुणेवरून पाणी हलले नाही.

जाता जाता गिझरबद्दल एक वाक्य, कारण ते जिवाशी संबंधित आहे. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात नको. ज्वलनात तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि कोंदट जागेत तो काही मिनिटांत माणसाची शुद्ध घालवतो. त्या घरातला गिझर आम्ही त्याच वेळी बाहेरच्या पडवीत हलवला.

आता हवेकडे वळू. सकाळी पहिली तोटी सोडली, की आधी फसफस, मग खोकल्यासारखे थांबत थांबत पाणी, मग थोड्या वेळाने सुरळीत धार. ही हवेची खूण. नळी वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यावर हवा जमते. हवेचा तो फुगा नळीचे अर्धे तोंड बुजवून बसतो. डोंगरावर लांबून नळी आणताना जमिनीच्या चढउताराबरोबर असे उंचवटे होतातच. पण घराच्या गच्चीवरही एक हमखास असतो. भिंतीला भोक पाडायचा कंटाळा म्हणून टाकीची नळी कठड्यावरून उडी मारून खाली नेतात. टाकी निम्म्याखाली गेली, की कठड्यावरची नळी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच राहते. मग तिथे हवा साठली, की धार तुटलीच. नळी कठड्याच्या पायथ्यातून न्यावी, टाकीपासून तोटीपर्यंत उतार एकसारखा ठेवावा. आणि टाकीतून बाहेर पडल्यावर लगेच एक टी घालून उभी उघडी नळी टाकीच्या झाकणापेक्षा वर न्यावी. तिला व्हेंट म्हणतात. ही नळी नसेल, तर खालच्या मजल्यावरची तोटी उघडल्यावर वरच्या मजल्याच्या शॉवरमधून हवा आत ओढली जाते. दुमजली घरात ‘खालच्यांनी नळ सोडला की वरचा बंद पडतो’ या तक्रारीमागे हेही कारण असते.

ही काही आजची विद्या नव्हे. पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणले, तेव्हा त्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. नावातच काम सांगितले आहे: कोंडलेली हवा बाहेर सोडायची. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल, तर तिथे दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढून खाली पडताना दिसते. कोणताही पंप नाही. उगम त्या भिंतीपेक्षा उंच आहे आणि वाटेतली हवा मनोऱ्यांतून सुटते, एवढ्यावर ते चालते. आपल्या गच्चीवरची चार फुटांची व्हेंटची नळी ही त्या उच्छ्वासांची धाकटी बहीणच म्हणायची.

संगमेश्वरच्या त्या घरी आणखी एक कोडे होते. मार्च संपला, की संध्याकाळी टाकी भरेनाशी व्हायची. पंप चालू, मोटरचा आवाज येतोय, वर पाणी येत नाही. पंपावरच्या पाटीवर जास्तीत जास्त उंची १०० फूट लिहिलेली होती. चढण ९० फूट, म्हणजे वरकरणी भागायला हवे. पण केंद्रोत्सारी पंपाची उचलण्याची ताकद त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. संध्याकाळी व्होल्टेज उतरले आणि मोटरचा वेग पाच टक्क्यांनी घटला, तर उंची घटते सुमारे दहा टक्क्यांनी. शंभराचे नव्वद झाले. आता पंप पाणी बरोबर टाकीच्या तोंडाशी नेऊन उभे ठेवतो, आत एक थेंब पडत नाही. त्यात जांभ्या दगडातल्या विहिरी पावसात झपाट्याने भरतात आणि तितक्याच झपाट्याने उतरतात. पाणी दहा फूट खाली गेले, की चढण शंभर फुटांची झाली. टाकी अर्धवट राहिली, की शॉवरचा जोर उतरला. तक्रार न्हाणीतली, कारण पायथ्याच्या विहिरीवर.

म्हणून डोंगरावर पंप घेताना चढणीवर निदान चौथाई हिस्सा जास्त धरावा. पंप चालण्याची वेळ व्होल्टेज चांगले असताना, पहाटेची ठेवावी. काठावरच्या पंपाला पाणी खालून ओढावे लागते आणि त्याला निसर्गाची मर्यादा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याला १० मीटरच्या थोडे वरपर्यंतच उचलू शकतो; व्यवहारात सहा-सात मीटर धरावेत. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे हवा विरळ, म्हणून याच हिशेबातून आणखी सुमारे दीड मीटर वजा होतो. मुंबईत चाललेला पंप तिथल्या विहिरीवर रुसतो तो यामुळे. खोल विहिरीला पाण्यात बुडणारा पंपच बरा.

गावात नगरपालिकेचे पाणी असेल, तर गोष्ट निराळी. तुमचे घर नळमार्गाच्या शेवटी आणि उंचावर असते. खालच्या गल्लीने नळ सोडले, की मधल्या नळात घर्षणाचा खर्च वाढतो आणि तुमच्याकडे पाणी येईनासे होते. अशा वेळी काही जण नळालाच थेट मोटर लावतात. बहुतेक नगरपालिकांच्या नियमांत याला बंदी आहे, पण मला नियमापेक्षा त्यामागचे कारण महत्त्वाचे वाटते. मोटर ओढते तेव्हा नळात दाबाऐवजी ओढ निर्माण होते. जुन्या नळाच्या सांध्यांतून एरवी पाणी बाहेर गळत असते. आता त्याच सांध्यांतून बाहेरचे पाणी आत येते. शेजारून गटार जात असेल, तर ते गटाराचे. कावीळ, विषमज्वर, हगवण या मार्गाने घरात येतात, तुमच्याही आणि खालच्या गल्लीतल्या ज्या घराला अजून पाणीच मिळाले नव्हते त्याच्याही. माथ्यावरच्या माणसाला पाणी कमी मिळते हा अन्याय खरा, पण त्याची वसुली खालच्याच्या पोरांच्या पोटातून होऊ नये.

त्याऐवजी जमिनीलगत एक टाकी बांधावी. रात्री किंवा पहाटे जेव्हा जोर असेल तेव्हा ती बॉल कॉकमधून आपोआप भरू द्यावी, आणि आपल्या टाकीतले पाणी आपल्या पंपाने वर चढवावे. नळात येणारा चढउतार तिथेच संपतो.

एवढे सगळे करूनही टाकी उचलायला जागा नसेल, वरच्या मजल्यावरच शॉवर हवा असेल, तर प्रेशर पंप जरूर बसवा. तो बसवला आणि तरीही धार झटके देत असेल, पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर त्याच्याजवळचा लहान गोल डबा पाहा. त्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते, ती कमी झालेली असणार. पंप बंद करून तोटी सोडा, पाणी पूर्ण जाऊ द्या. मग डब्याच्या टोकाला गाडीच्या चाकाला असतो तसा व्हॉल्व्ह आहे, तिथे टायरचा गेज लावा. पंप दीड किलो दाबाला चालू होत असेल, तर हवा एक पूर्णांक तीन दशांशाच्या आसपास हवी. कमी असली, तर साध्या हातपंपाने भरता येते. हवा भरूनही दोन दिवसांत उतरली किंवा व्हॉल्व्हमधून पाणी आले, तर पडदा फाटला आहे. तेवढा पडदा बदलावा, पंप नव्हे.